बंद डब्यातली भेसळ: खटला नेमका कुणावर भरायचा?

मुक्ता_१९ (धागाकर्ती)

मी अकरा वर्षं भाज्या डबाबंद करणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम केलं. ते सोडूनही आता बराच काळ झाला. पण भेसळीच्या खटल्याची बातमी दिसली की अजूनही आधी एकच गोष्ट शोधते, आरोपी कोण? पहिलं आणि शेवटचं नाव दुकानदाराचंच असलं की मन खट्टू होतं.

सुटी भाजी घेताना माणूस दाणा दाबून बघतो, शेंग मोडून बघतो, वास घेतो. डबा बंद झाला की हे सगळं संपलं. दुकानदाराला फार तर डबा फुगलाय का, गंजलाय का, शिवणीजवळ चेपलाय का, एवढंच कळतं. आत काय आहे ते फक्त झाकण लावणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून माझं म्हणणं असं की डबाबंद मालाच्या खटल्यात पहिला आरोपी उत्पादकच हवा, आणि 'मुद्दाम केलं' हे सिद्ध करण्याचं ओझं फिर्यादीवर नको.

वाटाण्याचंच घ्या. हिरवा वाटाणा रिटॉर्टमध्ये, म्हणजे सीलबंद डबे दाबाखालच्या वाफेने शिजवायच्या भांड्यात, शिजला की हिरवा राहत नाही. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियम असतं. उष्णतेने ते निघून जातं आणि दाणा मळकट शेवाळी दिसायला लागतो. त्या रिकाम्या जागी तांबं बसवलं की रंग परत चढतो आणि टिकतोही, ताज्या दाण्यापेक्षा झळझळीत. एकोणिसाव्या शतकात वाटाणे आणि घेवड्याच्या शेंगा मोरचुदाच्या पाण्यातून काढून डब्यात भरत ते याचसाठी. मोरचूद म्हणजे पिकावरच्या बुरशीला फवारतात तेच.

लोणच्यात ही युक्ती त्याआधीपासून होती. फ्रेडरिक अॅकम या रसायनतज्ज्ञाने १८२० मध्ये लंडनमध्ये भेसळीवर पुस्तक काढलं. त्यात एका तरुणीची हकिकत आहे. केस विंचरून घेता घेता ती समुद्रकाठी उगवणाऱ्या एका वनस्पतीचं लोणचं खात बसली होती, तांब्याने हिरवं केलेलं. थोड्याच वेळात पोटात दुखायला लागलं आणि नवव्या दिवशी ती गेली. हे वाचल्यापासून मला 'थोडंसं रंगासाठी' हे शब्द सहन होत नाहीत.

पुढे १८५१ ते १८५४ या काळात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने डॉक्टर आर्थर हिल हॅसलकडून बाजारातला माल तपासून घेतला आणि विकणाऱ्यांची नावं-पत्ते छापले. क्रॉस अँड ब्लॅकवेल या लोणची बनवणाऱ्या कंपनीच्या टॉमस ब्लॅकवेलने १८५५ मध्ये संसदेच्या समितीपुढे सांगितलं की आम्ही तांबं वापरत होतो, आता सोडलं, पण सुरुवातीला गिऱ्हाइकांना तो मळकट रंग पसंत पडेना. म्हणजे तिथे सुधारणा झाली ती नाव छापून येण्याच्या धाकाने. कोर्टाचा त्यात काही वाटा नव्हता.

कोर्टात काय व्हायचं त्याचा नमुना १८५८ चा. ब्रॅडफर्डला मिठाईत साखर वाचवायला पांढरी भुकटी मिसळायची रीत होती. औषधवाल्याकडून त्या भुकटीच्या जागी चुकून आर्सेनिक दिलं गेलं. वीसच्या आसपास माणसं मेली, दोनशेहून जास्त आजारी पडली. मनुष्यवधाचा आरोप ठेवला आणि शिक्षा एकालाही झाली नाही. १८६० चा ब्रिटिश कायदा आला तोही विकणाऱ्याला भेसळ ठाऊक होती का, यावरच अडलेला. १८७५ च्या कायद्याने पाऊल पुढे टाकलं. गिऱ्हाइकाने मागितली त्याहून वेगळ्या प्रकाराची, द्रव्याची किंवा दर्जाची वस्तू विकणं हाच गुन्हा ठरला. पण तोही 'विकणं' हाच. पकडला गेला तो दुकानदार.

तांब्याच्या वाटाण्यांचे डबे मुख्यतः फ्रान्सहून यायचे. ब्रिटनमध्ये खटले व्हायचे ते वाण्यांवर. दोन्ही बाजूंनी तज्ज्ञ उभे राहायचे, एक म्हणायचा विष आहे, दुसरा म्हणायचा एवढ्याने काही होत नाही. १९०१ मध्ये सरकारी समितीने तांब्यावर बंदीची शिफारस केली. नियम निघाले १९२५ मध्ये. अमेरिकेत तांब्याने हिरवलेला माल १९१३ पासून भेसळीचा ठरला. इतकी वर्षं डबे भरणारे भरतच राहिले.

ज्यांनी कायदा, प्रयोगशाळा, उत्पादन किंवा दुकान यातलं काही जवळून पाहिलंय त्यांनी जरूर लिहा.

---

सदाफुली

वाचताना पोटात गोळा आला. एक साधा प्रश्न. तांबं आहे की नाही हे घरी कळतं का?

---

भिंग

सदाफुली, जुन्या काळी एक चाचणी होती. डब्यातलं पाणी थोडं आंबट करायचं आणि त्यात घासून लख्ख केलेली पोलादी सुई किंवा सुरीचं पातं बुडवून ठेवायचं. तांबं बऱ्यापैकी असेल तर पोलादावर लालसर पापुद्रा चढतो. मी विद्यार्थ्यांना हे करून दाखवलंय. सुई बाहेर काढल्यावर तो लाल थर बघून वर्गातली कुजबुज थांबते.

पण ती फक्त तांबं पकडते. कापडाचा रंग, वाळलेला दाणा, कुजका माल, यातलं काहीच नाही. सुई कोरी निघाली म्हणून डबा निर्दोष धरू नका.

---

अण्णा_द

मुक्ताताई, तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत. तीस वर्षं दुकान चालवलं. एकदा माझ्या फळीवरून डबे नमुन्याला नेले. खरेदीचं बिल होतं, डबे सीलबंद होते, मुदत संपलेली नव्हती. आत भाजीत परवानगी नसलेला रंग निघाला. तारखांना मी जायचो, दुकान मुलावर टाकून. कारखान्याचा माणूस एकदा आला, वकिलाशी बोलला आणि गेला. शेवटी सुटलो, पण चार वर्षांनी. गल्लीतले लोक 'ते भेसळवाले' म्हणायचे ते ऐकून बायको बाहेर पडेनाशी झाली होती.

मला सोडायला नको होतं असं कुणी म्हटलं तर तेही मी ऐकून घेईन. पण मी डबा फोडून बघायचा तरी कसा?

---

काळा_कोट

अण्णा, तुमच्यासारख्यांसाठी १८७५ च्या कायद्यात एक वाट होती. पुरवठादाराकडून मालाची लेखी हमी घेतली असेल, माल आहे तसाच विकला असेल आणि भेसळीची कल्पना नसेल, तर दुकानदार सुटायचा. अडचण अशी की दुकानदार सुटला म्हणजे उत्पादक आपोआप अडकत नाही. खटला तिथेच संपायचा. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने घरी आणि डबा भरणारा कामावर. पुढच्या कायद्यांनी ही फट बुजवली. ज्याच्या चुकीमुळे गुन्हा घडला त्या 'दुसऱ्या माणसा'वर थेट खटला भरता येऊ लागला.

धाग्याच्या विषयावर अगदी नेमका बसणारा एक निकाल आहे, स्मेडलीज विरुद्ध ब्रीड, हाउस ऑफ लॉर्ड्स (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय), १९७४. इंग्लंडात एका बाईंनी दुकानातून वाटाण्याचा डबा नेला. आत एक सुरवंट निघाला, पतंगाचा. आकाराने, रंगाने, वजनाने जवळजवळ दाण्यासारखाच, म्हणून यंत्रांच्या आणि निवडणाऱ्यांच्या हातून निसटला. डब्यासोबत उकळून निघाल्यामुळे अपायकारकही नव्हता. कंपनीने त्या हंगामात ३५ लाख डबे काढले होते आणि तक्रारी आल्या होत्या चार. खटला कारखान्यावर चालला. कंपनीचं म्हणणं, आम्ही शक्य ती सगळी काळजी घेतली, हे टाळता येण्यासारखं नव्हतं. कोर्ट म्हणालं, तो एक सुरवंट टाळता आलाच नसता असं नाही. शिक्षा कायम. दंड मात्र अगदी किरकोळ.

म्हणजे मुक्ता, तुम्हाला हवं ते तत्त्व तिथे मान्य झालं. हेतू सिद्ध करावा लागला नाही. पण त्याच निकालात एक न्यायाधीश लॉर्ड हेलशॅम यांनी असा खटला भरण्यातून कुणाचं काय साधलं, असाही सवाल केला. कायदा कडक असला तरी प्रत्येक सुरवंटामागे फौजदारी लावायची का, हा विचार खटला भरणाऱ्याने करायचा असतो.

---

रोखठोक

मी स्वतः उत्पादक आहे, लहान. रोज चार-पाचशे डबे. वरचं वाचून वाईट वाटलं म्हणून लिहितोय.

३५ लाखांत चार. माझ्या हातून एक चूक झाली तर मी फौजदारीत. मोठ्या कंपनीला दंड म्हणजे विजेच्या बिलासारखा एक खर्च, तो भरून ती मोकळी. मला तो नमुना नापास झाला त्याच दिवशी बँक फोन करते. 'हेतू बघायचा नाही' म्हणताना कुणावर काय पडतं ते बघा. भेसळ करणारा आणि भेसळ होऊ देणारा आणि ज्याच्याकडून एक सुरवंट निसटला तो, हे तिघं तुमच्या कायद्यात एकाच रांगेत उभे राहतात. ते मला पटत नाही.

---

भिंग

रोखठोक यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर प्रयोगशाळेत मिळतं. चूक आणि धंदा यांतला फरक नमुन्यांवरून बराच दिसतो.

टोमॅटोचं उदाहरण देतो, कारण त्यातच माझी नजर तयार झाली. सडका टोमॅटो शिजवून वाटला की डोळ्याला काही कळत नाही. रंग लाल, वास मसाल्यात बुडालेला. पण बुरशीचे तंतू शिजूनही मोडत नाहीत. अमेरिकेच्या सरकारी रसायन विभागातल्या बर्टन हॉवर्डने १९११ च्या सुमारास ते मोजायची पद्धत बसवली. ठरावीक खोलीच्या काचपट्टीवर थेंब ठेवायचा, शंभरपट मोठं करून एकेक क्षेत्र बघायचं. क्षेत्राच्या व्यासाच्या एक षष्ठांशाहून जास्त लांबीचे तंतू दिसले की ते क्षेत्र 'बुरशीचं' धरायचं. शंभर क्षेत्रांत अशी किती, ती टक्केवारी. बुरशीचा तंतू ओळखायला शिकावा लागतो. टोमॅटोच्या सालीचे तुकडे, पेशींच्या भिंती नवख्याला फसवतात. तंतूच्या दोन्ही कडा समांतर धावतात आणि मध्ये आडवे पडदे दिसतात. एकदा डोळ्यात बसलं की मग विसरत नाही.

आता यात एखादा नमुना वर गेला तर समजू शकतो, एखादी गाडी खराब आली असेल. पण महिनोन्महिने माल वर आणि कारखान्याच्या कागदावर आकडा खाली, हे निसटणं नाही. तिथे कुणीतरी बसून आकडा लिहिलेला असतो.

हे प्रत्यक्षात घडलंय. कॅलिफोर्नियातली एसके फूड्स ही टोमॅटोची मोठी कंपनी. बुरशीचे आकडे खोटे दाखवून, लेबलं बदलून माल मोठ्या खाद्य कंपन्यांना विकला आणि त्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांना लाच दिली. मालक स्कॉट सॅल्यर याने २०१२ मध्ये गुन्हा कबूल केला, २०१३ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. खटला साध्या अन्नकायद्यावर उभा नव्हता. संघटित गुन्हेगारी आणि संगनमताने भाव ठरवणं, या कलमांखाली त्याला धरलं. मला तेव्हा समाधानही वाटलं आणि खंतही. सडका माल खाऊ घालणं एवढं कारण सहा वर्षांना पुरलं नाही.

---

सदाफुली

सगळं वाचतेय. रोखठोक, तुमची बाजूही कळली. पण आजारी पडणाऱ्याला चूक कुणाची आणि हेतू काय याने काय फरक पडतो?

---

काळा_कोट

फरक शिक्षेत पडायला हवा, दोषात नाही. असं मी म्हणेन.

अमेरिकेतले दोन निकाल या संदर्भात सांगतो. डॉटरवाइक, १९४३. औषधांच्या लहान कंपनीचा अध्यक्ष. कंपनीबद्दल ज्यूरीचं एकमत झालं नाही, पण त्याला दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते कायम केलं. दुसरा पार्क, १९७५. अॅक्मे मार्केट्स ही दुकानांची प्रचंड साखळी, ३६ हजार नोकर. बाल्टिमोरच्या गोदामात अन्नाजवळ उंदरांचा वावर सापडला. अध्यक्ष पार्क फिलाडेल्फियात बसणारा. तो म्हणाला, मी स्वच्छतेचं काम भरवशाच्या माणसांवर सोपवलं होतं. पण सरकारने त्याला आधी पत्राने कळवलेलं होतं. कोर्टाने विचारलं ते एवढंच, हे थांबवण्याचा अधिकार तुझ्या पदात होता की नाही? होता. मग दोषी. पाच आरोपांना प्रत्येकी ५० डॉलर, एकूण २५० डॉलर दंड.

दंड बघून कुणाला काहीच वाटणार नाही. पण या निकालाने अध्यक्षाच्या खुर्चीपर्यंत रस्ता मोकळा झाला. आणि रोखठोक, त्याच निकालात तुमच्यासाठीही जागा आहे. थांबवणं खरोखरच माणसाच्या हातात नव्हतं असं दिसलं तर तो बचाव चालतो. ब्रिटनच्या १९९० च्या कायद्यातही 'शक्य ती सर्व खबरदारी घेतली' हा बचाव आहे, फक्त ते दाखवायचं आरोपीने. तुमच्या नोंदी चोख असतील तर तुमच्याकडे दाखवायला काहीतरी असेल. ज्याने नोंदीच खोट्या केल्या त्याच्याकडे काय असणार?

अवांतर: डबाबंद मालाचे नमुने घेण्यात एक मेख आहे. १८७५ पासूनची रीत म्हणजे नमुन्याचे तीन भाग. एक विकणाऱ्याला, एक तपासणीला, एक वाद झाल्यास पुन्हा तपासायला. पीठ-दूध वाटता येतं. डबा फोडून तीन वाटे केले तर दुसऱ्या दिवशी ती भाजी आंबलेली. म्हणून एकाच बॅचचे न उघडलेले डबेच भाग म्हणून धरावे लागतात. मग सगळा खटला तळावर ठोकलेल्या त्या चार-सहा अक्षरांच्या कोडवर उभा राहतो. कोड पुसट असेल तर चांगला वकील तिथूनच सुरुवात करतो. मीही केली असती.

---

अण्णा_द

माझ्या डब्यांवरचा कोड पुसट होता. आज कळलं की चार वर्षं का लागली.

---

रोखठोक

काळा_कोट, 'दोष एक, शिक्षा वेगळी' हे पटतंय. नोंदी माझ्या चोख आहेत, रिटॉर्टचा तापमानाचा आलेख रोज लावून ठेवतो. तरी एक विचारतो, मुक्ताताईंना. तुम्ही अकरा वर्षं आत होतात. तुमच्या कारखान्यात काय चालायचं? आणि तुम्ही काय केलंत?

---

मुक्ता_१९ (धागाकर्ती)

हा प्रश्न येणार हे धागा काढताना माहीत होतं. सांगते.

हंगाम संपत आला की कोवळा वाटाणा मिळेनासा होतो. दाणा जून होतो, पिठूळ लागतो. त्या वर्षी ऑर्डर मोठी होती आणि माल कमी. एका सकाळी ब्लांचिंगच्या, म्हणजे दाणे थोडा वेळ गरम पाण्यातून काढायच्या टाकीशी गेले तर पोती उभी होती, वाळलेल्या वाटाण्याची. रात्रीच भिजत घातलेला. त्याचा डबा करणं हा गुन्हा नाही, तसं लेबलवर लिहिलं तर. आमच्या लेबलवर ताज्या हिरव्या दाण्याचं चित्र होतं. आणि भिजवलेला वाळका दाणा फिकट दिसतो, म्हणून टाकीच्या कडेला एक हिरवी बादली होती. बादली मुळात पांढरी होती.

मी एक डबा फोडला. पाणी दुधाळ, तळाशी पिठाचा गाळ. ताज्या दाण्याचं पाणी तसं नसतं. दाणा बोटांत चिरडला तर साल वेगळी आणि आतला गर खडूसारखा. बोटांना रंग लागला तो दोन दिवस गेला नाही. नखांच्या कडेला राहिला होता, तो मी जेवताना बघायची.

नोंदवहीत मी लिहिलं, 'दाणा वाळलेला, रंग मिसळलेला, लेबलशी विसंगत.' वरिष्ठांनी वही वाचली. मला म्हणाले, निरीक्षण नोंदवलंस, तुझं काम झालं. मी सहीही केली होती त्याखाली. आणि मला तेव्हा खरंच वाटलं की माझं काम झालं. बाहेर कुणाला कळवलं नाही. नोकरी हवी होती, घरात कमावणारी एकटीच होते. हे कारण आहे, सबब म्हणून देत नाही. त्या लॉटने कुणी आजारी पडलं का, ते मला कधी कळलं नाही. कळण्याची सोयच नव्हती. पुढच्या हंगामाच्या आधी मी ती नोकरी सोडली.

---

काळा_कोट

मुक्ता, हे लिहायला धैर्य लागतं. वकील म्हणून एकच विचारतो. त्या वहीत तुमच्या सहीशेजारी आणखी कुणाची सही लागायची का?

---

मुक्ता_१९ (धागाकर्ती)

हो. दोन रकाने होते. 'तपासणी' आणि 'मंजुरी'. दुसऱ्यात सही झाल्याशिवाय लॉट बाहेर काढायचा नाही, असा कारखान्याचाच नियम. इतर सगळ्या पानांवर ती सही असायची, निळ्या शाईची, मोठी.

त्या पानावर मंजुरीचा रकाना रिकामा आहे. ट्रक त्याच संध्याकाळी भरला.

---

काळा_कोट

ते पान फाडलं गेलं नसेल तर कोर्टात मी आधी तेच मागवलं असतं, त्या दिवसाच्या ट्रकच्या गेटपाससोबत. गेटपासवर कुणाची तरी सही असतेच.